चार बोटं आखूड दांडा

नेकनूरच्या वरची वस्ती
१८ जुलै २०२३

लखन,

रामराम. तुझी अक्का, पोरं, मेंढरं समदे बरे हायत. तू म्हणशील, दाजीनं फोन सोडून कागद कावून धरला. वस्तीवर रेंज न्हाई हे तुला ठावं हाय. टेकाडावर चढून लावावा तर चाकणला तुमच्या गाड्यांच्या शेडमदी फोन गेटावरच ठेवून घेतेत. आन मला मापं विचारायचीत. फोनवर तू हां हां करतोस आन ठेवतोस.

जीपचं काम हाय. मागल्या शुक्रवारी वस्तीवरल्या सुंदरबाईला पान लागलं, साप चावला. म्हातारीला जीपमदी घातली आन निघालो. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढंच व्हतं, पण गोटे वाहून आलते. पुढचा आस धोंड्यावर बसला आन जीप जागची हलंना. मंग बाजेवर टाकून चौघांनी डांबरीपर्यंत नेली. वाचली म्हातारी, पण पायाचं बोट काढावं लागलं.

मांजरसुंब्याला ढाब्यावर तानाजीराव भेटले. बागायतदार माणूस, हौसेनं डोंगरात जीपा पळवायचे, आता हौस फिटली. त्यांचे मोठे टायर पडून व्हते, ने म्हणले. उभे केले तर माझ्या मांडीला लागतेत. आणून चढवले. वळवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासतो, आन स्टेरिंग दोन्ही हातांनी ओढलं तरी वळत न्हाई. आता काय करावं ते लिव.

आनखी एक. भागवतच्या अंजूला चौथा महिना हाय. सहा वर्सांनी. भागवत नावाला भाऊ, तुला ठावं हाय मी त्याला पोरासारखा वाढवला. मार्गशीर्षात दिवस भरतेत. तवर जीप ओढा पार करणारी झाली पाहिजे. पोरीला बाजेवर न्यायची पाळी मला आणायची न्हाई.

तुझा दाजी,
सटवा


चाकण
२ ऑगस्ट २०२३

दाजी, नमस्कार.

पत्र शेडमध्ये आलं तेव्हा पोरं हसली, म्हणाली कोर्टाचं समन आलं का. मी म्हणालो, आमच्या दाजींचं आहे, ते मोटारीचं काम कागदावर करतात.

ते टायर आधी उतरवून ठेवा. एक फेरीसुद्धा मारू नका. टायर मोठा झाला म्हणजे नुसती गाडी उंच होत नाही. चाक जड होतं, आणि वाटेतला प्रत्येक धोंडा त्या चाकाला जास्त जोरानं पिरगाळतो. तुमचा पुढचा आस लहान चाकासाठी केलेला आहे. तो एक पावसाळा टिकणार नाही. स्टेरिंगचं तेच.

इथं एका भंगारवाल्याकडं मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचे दोन आस पडलेत. रुंद आणि दणकट. त्यातला एक तुमच्या जीपला बसवतो. रुंद असल्यामुळं टायर पाट्याला घासणार नाही. टेम्पोचा पॉवर स्टेरिंगचा बॉक्स मिळतोय, तो लावला की अक्कासुद्धा एका हातानं वळवेल. बॉक्स चेसिसला जिथं बसतो तिथं मात्र जाड पट्टी मारावी लागेल, नाहीतर चेसिसच फाटते.

राहिला दांडा. बॉक्सपासून चाकापर्यंत जातो तो. गाडी उंच झाली की तो तिरका होतो आणि खड्ड्यात चाक आपोआप वळायला लागतं. म्हणून तो पाट्यांच्या वरून घ्यायचा. दाजी, ब्रेक गेला तर गिअरवर गाडी थांबवता येते. दांडा गेला तर हातात नुसतं स्टेरिंगचं कडं राहतं. आमचे उस्ताद सांगायचे, बाकी कुठंही जोड दे, दांडा अख्खा पाहिजे. आपण अख्खाच करू.

पाट्यापासून पाट्यापर्यंतचं अंतर आणि चेसिसची रुंदी मोजून कळवा. लोखंडी टेपनं मोजा, अक्काच्या शिवणाच्या टेपनं नको. खालच्या वस्तीचा सोमेश्वरही मागं लागलाय, शाळेची पोरं ओढ्यातून नेताना त्याचीही जीप अडकते. दोन आस आहेत, दिवाळीत दोघांचंही एकदमच करू. मला चार दिवस सुट्टी आहे.

अंजूवहिनींना सांगा, त्यांची गाडी वेळेवर तयार होईल.

तुमचा,
लखन


वस्ती
२४ नोव्हेंबर २०२३

लखन,

तू गेल्यापासून रोज लिवीन म्हणतो आन राहतंय. काय जीप केलीस बे! ओढ्यातल्या ज्या धोंड्यावर सुंदरबाई अडकली त्याच्यावरून मुद्दाम नेली. खाली बघितलं तर आस वितभर वर. भागवत पुढं उभा व्हता, टाळ्या वाजवायला लागला. पोरं म्हणतेत ही जीप न्हाई, उंट हाय. तुझ्या अक्कानं पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं. तू चार दिवस जीपखाली पडलेला, दिवाळीचं धड जेवला न्हाईस, ते तिच्या मनाला लागलंय.

सोमेश्वरची बी मस्त चालतीय. परवा सतरा पोरं घालून नेली म्हणला.

एक विचारायचं व्हतं. आठ दिवस झाले, स्टेरिंग जरा सैल वाटतंय. तीन बोटं नुसतंच हलतंय, मंग चाक वळतंय. आन खिंडीच्या उतारावर कडं हातात थरथर करतंय. आधी न्हवतं. हे असंच असतंय का? तू जाणता, म्हणून विचारलं. येऊन दाखवायचं तर चाकणपर्यंत कसं आणू?

अंजूला आठवा सरत आलाय. डॉक्टरीण म्हणली बाळ आडवं हाय, कळा सुरू झाल्या की वाट बघू नका, लगेच बीडला आणा. भागवत रोज संध्याकाळी जीपमदी पाणी-डिझल बघतो. मला म्हणतो, दादा, तुमी कुठं लांब जाऊ नका.

सटवा


चाकण
३ डिसेंबर २०२३

दाजी, नमस्कार.

घाईत लिहितोय, इथं दोन पाळ्या चालू आहेत.

मोठ्या टायरला थोडी थरथर असतेच. नवा बॉक्स आहे, तो बसला की कमी होईल. दोन्ही टोकांचे बोल्ट पान्यानं आवळून घ्या. काळजीचं काही नाही, बिनघोर चालवा. मी इथं आणखी चांगला दांडा करून घ्यायचं बघतोय, संक्रांतीला येताना आणतो. पण त्याची घाई नाही.

वहिनींना जपा. पेढ्यांची वाट बघतोय.

लखन


वस्ती
९ जानेवारी २०२४

लखन,

तुला आईकडून कळलंच असेल. तू आला न्हाईस, कामातून सुटी न्हाई मिळाली असं अक्का म्हणली. मपला जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत न्हाई. हात चालतोय, म्हणून लिवतो. कुणाला तरी सांगितल्याबिगर राहवत न्हाई आन इथं ऐकणारं कुणी न्हाई.

एकवीस तारखेला सकाळी अंजूला कळा सुरू झाल्या. भागवत मोटारसायकलवर पुढं गेला, नेकनूरहून दवाखान्यात फोन करायला. मी, तुझी अक्का आन अंजू जीपमदी. अंजूनं अक्काच्या मांडीवर डोकं ठेवलतं. ओढा उतरलो ते ध्यानात हाय. पाण्यातून अलगद बाहेर निघालो. अंजू म्हणली, दादा, सावकाश. एवढंच. पुढचं काही आठवत न्हाई. किती बी डोकं ताणलं तरी आठवत न्हाई.

खिंडीच्या वळणावर जीप वळलीच न्हाई, सरळ खाली गेली. वीस-पंचवीस हात. अंजू जागच्या जागी गेली. बाळ बी. पोरगी व्हती, असं मागून कळलं. अक्काचा खुबा मोडलाय. मला दोन दिवसांनी शुद्ध आली.

भागवत दवाखान्यात आला. उशाला उभा राहिला आन म्हणला, "झोपला व्हतास का बे?" त्यानं आजवर कधी मला अरे-तुरे केलं न्हाई. जबडा बांधलेला, मी काय बोलणार. आन बोलता येत असतं तरी काय सांगणार? आदल्या दोन्ही रात्री मेंढ्या वीत व्हत्या, मी जागलतो. डोळा लागला असेल. दुसरं काय असणार?

त्यानंच पोलिसात दिलं. बरोबर केलं. जीप तपासायला साहेब आलते. पुढचं समदं चेंदामेंदा झालंय, त्यांनी लिवलं का मोडतोड धडकेनं झाली. ब्रेक चांगले निघाले.

भागवतच्या आन मपल्या दारामदी अकरा पावलं हायत. तो माझ्याकडं पाठ करून दात घासतो.

सटवा


चाकण
२० जानेवारी २०२४

दाजी,

तीन कागद फाडले.

जे झालं ते आता परत येत नाही. तुम्ही मुद्दाम तर केलं नाही. दोन रात्रींचं जागरण म्हणजे कुणाचाही डोळा लागला असता. स्वतःला खात बसू नका, औषधं वेळेवर घ्या. अक्काच्या खुब्याचं काय म्हणाले डॉक्टर?

जीप कुठं आहे? पोलिसांनी सोडली का? दारात आणली असेल तर रोज डोळ्यासमोर ठेवू नका, त्रास होईल. एखादा भंगारवाला बघून सगळीच देऊन टाका. तुमच्याच्यानं होत नसेल तर मी माणूस पाठवतो, तो परस्पर घेऊन जाईल.

भागवतरावांना मी काय तोंडानं लिहू?

लखन


उमापूर
६ फेब्रुवारी २०२४

चि. लखन यास अक्काचा आशीर्वाद.

मी आईकडं आलेय. कुबडीवर चालते. बरी होईपर्यंत म्हणून आले असं लोकांना सांगते, पण तुला खरं लिहिते, मला त्या घरात राहवत नाही. अंजू माझ्या मांडीवर गेली. तिचे केस माझ्या बांगडीत अडकले होते, दवाखान्यात नर्सनं कात्रीनं सोडवले. आणि तुझे दाजी लिहून दाखवतेत, मला आठवत नाही.

मला आठवतं. सगळं आठवतं. लोकं म्हणतेत झोपले. झोपले नव्हते लखन. मी मागून बघत होते. खिंडीचं वळण आलं तसं त्यांनी स्टेरिंग फिरवायला सुरुवात केली. फिरवत होते, फिरवत होते, गरगर, विहिरीचा रहाट सुटावा तसं. दोन्ही हातांनी. आणि गाडी सरळ. मी ओरडले, अहो वळवा! ते म्हणाले, वळवतोय की गं. आणि आम्ही खाली गेलो.

हे मी पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, घाबरून काहीतरी केलं असेल. तुझ्या दाजींनाही सांगितलं. शेवटी त्यांनीही पाटीवर लिहिलं, घाबरलो असेन, उलटं फिरवलं असेल. मला हे पटत नाही. पंधरा वर्षं मी त्या माणसाला घाटात गाडी चालवताना बघितलंय, घाबरणारा नाही. आणि पटलं नाही तरी राग जात नाही. त्यांच्या हातात होती ना पोर?

तू गाडीतला जाणता. तू सांग, कावून फिरवत होते? गाडी कावून वळली नाही? मला दुसरं काही नको. एवढं सांग, म्हणजे त्यांच्याकडं जायचं का नाही ते मला ठरवता येईल. आई म्हणते, इतक्या लांब लिहिण्यापेक्षा त्याला बोलावून घे. तू येशील का? दिवाळीपासून आला नाहीस.

अक्का


चाकण
१५ फेब्रुवारी २०२४

अक्का,

घाबरल्यावर माणूस असंच करतो. इथं शेडमध्ये मी असल्या चार-पाच केसेस बघितल्यात. हात फिरतात, पण कुठं फिरतात ते कळत नाही. तू जास्त विचार करू नको. दाजींवर राग धरू नको, पण तुझी तब्येत सुधारेपर्यंत आईकडंच राहा.

सुट्टी मिळाली की येतो.

लखन


वस्ती
११ मार्च २०२४

लखन,

जबड्याची तार काढली. बोलता येतंय, पण बोलायला कुणी न्हाई, म्हणून कागदच बरा.

वीस तारखेला कोर्ट हाय. वकील म्हणतो, गुन्हा नाकबूल करा, वर्सानुवर्सं चालेल. मी त्याला सांगून टाकलं, मी कबूल करणार. त्यानं डोक्याला हात लावला. पण लखन, तारखा लांबवून मी काय कमवू? भागवतला दर तारखेला तिथं येऊन मपलं तोंड बघावं लागेल. त्यापेक्षा मी उभा राहून सांगतो, चूक मपली. मंग साहेब जे देतील ते देतील.

तुझं नाव मधी निघालं व्हतं, ते तुला सांगायला पाहिजे. भागवत तेराव्यानंतर पोलिसांना म्हणला, जीप लखननं केली, त्याला बी विचारा. मी जबडा बांधलेला असताना पाटीवर लिवून दाखवलं का त्याचं काम पक्कं हाय. आन खरंच हाय. सोमेश्वरची जीप तूच त्याच चार दिवसांत केलीस, तसाच आस, तसाच दांडा. ती रोज खिंडीतून जाती. आता तर वीस-बावीस पोरं असतेत. तिला काही झालं का? मंग दोष जीपचा कसा? दोष हाताचा. सोमेश्वर परवा भेटला, म्हणला का त्याच्या बी स्टेरिंगमदी दोन-तीन बोटं सैल झालंय. मी तुझंच सांगितलं त्याला, बोल्ट आवळ, मोठ्या टायरला असतंय.

तू भंगारात द्यायला सांगितलतंस. पोलिसांनी सोडली, पण मला देववत न्हाई. ओढ्याच्या कडंला सीताफळीखाली उभी करून ठेवलीय. मी कधी कधी जाऊन बसतो. आठवतंय का बघतो.

अक्काला समजाव. तू सांगितलं तर ती येईल.

सटवा


चाकण
१५ मार्च २०२४

दाजी,

तुमचं पत्र दुपारी मिळालं. वाचल्या वाचल्या गेटावर जाऊन फोन घेतला आणि सोमेश्वरला लावला. तो गाडी घेऊन शाळेकडं निघतच होता. त्याला म्हणालो, एकही पोर बसवू नको, गाडी आहे तिथं उभी कर, किल्ली काढ. तो विचारत राहिला का, मी सांगितलं नाही. नुसतं अंजूवहिनींचं नाव घेतलं. त्यानं गाडी उभी केली. नंतर पुन्हा दोनदा लावून खात्री करून घेतली. पुढचं त्याच्या तोंडून तुम्हाला कळवायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहितो.

दाजी, तुम्ही झोपला नव्हता. तुम्ही घाबरलाही नव्हता. तुम्ही वळवत होता. दांडा तुटला होता.

अक्कानं मला लिहिलं होतं की स्टेरिंग गरगर फिरत होतं. बॉक्सपासून चाकापर्यंत दांडा अख्खा असेल तर ते गरगर फिरूच शकत नाही. दोन्हीकडं ठरावीक फेरे होतात आणि अडतं. गरगर फिरलं म्हणजे खाली काही जोडलेलंच नव्हतं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यालाही हे कळतं. मला ओळ वाचल्याबरोबर कळलं. त्याच्याही आधी, तुमचं जानेवारीचं पत्र आलं तेव्हाच कळलं होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आस बसवून झाला. दांडा लावायला गेलो तर चार बोटं आखूड. आस रुंद होता आणि मी दांड्याचं माप जुन्या आसावरून धरलं होतं. चूक माझी, तुम्ही मापं बरोबर पाठवली होती. नवा दांडा करायला बीडला लेथवाल्याकडं गेलो, दिवाळीची कुलपं. चाकणहून मागवावा तर माझी सुट्टी संपत होती. तुम्ही मेंढरांकडं गेला होता. भागवतराव मला म्हणाले, पाव्हणं, आज फिरवायची का गाडी? त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही. असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे, लखनला जमलं नाही असं कुणी म्हणू नये, एवढंच होतं.

दांडा मधोमध कापला. चार बोटांचा तुकडा घातला आणि दोन्हीकडून वेल्डिंग मारलं. आतून कांब घालायला हवी होती, तीही नव्हती. वेल्डिंग घासून गुळगुळीत केलं आणि वर काळा रंग मारला. सोमेश्वरचाही तसाच. तुम्ही संध्याकाळी आलात, वाकून बघितलंत, म्हणालात, अख्खा दिसतोय. मी पाने पुसून पेटीत भरत राहिलो.

मनात होतं, महिन्याभरात नवे दांडे आणून गुपचूप बदलू. कुणाला कळायचंही नाही. मग दोन पाळ्या लागल्या. मग तुमचं पत्र आलं, तीन बोटं सैल झालंय म्हणून. दाजी, ते पत्र मी उभ्यानं वाचलं आणि तिथंच कळलं. सांधा चिरत होता. मी त्या दिवशी एक फोन केला असता. सोमेश्वरकडं निरोप देऊन एवढंच सांगितलं असतं, जीप उभी करा. मी लिहिलं, बिनघोर चालवा.

भंगाराचं का लिहिलं ते तुम्हाला आता कळलंच असेल.

अक्काला मी खोटं लिहिलं. तिनं सरळ विचारलं होतं. तुमचा संसार मोडतोय हे दिसत असताना मी तिला लिहिलं, आईकडंच राहा. ती तुमच्याकडं परत गेली असती तर दोघं मिळून बोलला असतात आणि शोधून काढलं असतं.

आज सोमेश्वरच्या गाडीतल्या पोरांचा आकडा वाचला, तिचंही स्टेरिंग सैल झालंय हे वाचलं. ते वाचलं नसतं तर मी आजही गप्प बसलो असतो का, ते मला माहीत नाही. बहुतेक बसलो असतो.

वीस तारखेला कबूल करू नका. हे पत्र वकिलाला दाखवा, पोलिसांना द्या. मी सही केली आहे, वर तारीख आणि ठिकाण आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी येतो. क्षमा मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

लखन


वस्ती
२ एप्रिल २०२४

लखन,

तुझं पत्र तेवीसला मिळालं. विसाला मी कोर्टात उभा राहून कबूल केलतं. साहेबांनी दोनदा विचारलं, समजून बोलताय ना. मी म्हणलो, हो. शिक्षा ऐकवायला अठरा एप्रिल दिलाय. वकील आता म्हणतो, एकदा कबूल केलेलं मागं घेणं सोपं न्हाई. अर्ज टाकलाय. कागदानं भागणार न्हाई, त्या माणसाला समोर उभा करा, असं तो म्हणतो.

पत्र मिळालं त्या दिवशी मी ते घेऊन भागवतच्या दारात गेलो. अकरा पावलं. तीन महिन्यांनी. तो उठून आत जायला लागला. मी म्हणलो, आत जा, पण ऐक. उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून शेवटापर्यंत. तो आत अंधारात उभा व्हता. वाचून झाल्यावर मला वाटलं का तो येऊन मपल्या गळ्यात पडेल. तो बाहेर आला आन सरळ ओढ्याकडं चालायला लागला. मी मागून.

जीपखाली तो स्वतः घुसला. दांड्याचं एक टोक बॉक्सला लोंबकळत व्हतं. रंगाची खपली नखानं काढली. निम्मा सांधा जुना गंजलेला, निम्मा लखलखीत. गंजलेला कधीचा चिरला व्हता. माणसाला कळतंय बघ नुसतं बघून, मिस्त्री असायची गरज न्हाई. भागवतनं तो तुकडा हातात धरला.

मंग मला म्हणला, "तीन बोटं सैल हाय हे तुमाला ठावं व्हतं?"

मी म्हणलो, व्हतं.

"आन तरी तिला घातली?"

मी म्हणलो, लखन बिनघोर चालवा म्हणला.

तो म्हणला, "लखन जीपमदी बसणार न्हवता. तुमी बसणार व्हता, ती बसणार व्हती. तुमच्या हाताला थरथर कळत व्हती. तुमी मला का न्हाई सांगितलं? मी तिला आठ दिवस आधीच बीडला खोली घेऊन ठेवली असती."

तू लिवलंस दोष तुमचा न्हाई. तुझं पत्र वाचताना माझ्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालतं, खोटं सांगत न्हाई. ओढ्याकडं जाईस्तोवर उतरलेलं व्हतं. परत येताना न्हवतं. भागवत पुन्हा अहो-जाहो करतोय, तेवढं मात्र झालं. पण तो आता वस्तीवर राहणार न्हाई म्हणतो. अंजूच्या भावाकडं जातोय, उसाच्या कामाला. घर बंद करून.

तुझ्या पत्राचं मी उमापूरला कळवलतं, तुझी अक्का परवा आली. एसटीनं नेकनूरला, तिथून कुबडीवर. मी न्यायला गेलतो न्हाई, मला ठावंच न्हवतं. येऊन पडवीत बसली, पाणी पिली आन पिशवीतून तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणली, हे बी वकिलाला द्या. भावाच्या हातचं हाय, आई साक्षीला हाय. रडली न्हाई. रात्री दोघं बसलो तर म्हणली, तुमी वळवत व्हता. मी म्हणलो, हो. म्हणली, मी उगंच तुमाला...

आता तू काय करायचं ते सांगतो.

अठराच्या आधी ये. पंधराला ये. पहिलं सोमेश्वरकडं जा. त्याची जीप तू सांगितलं तवापासून तिथंच रस्त्याच्या कडंला उभी हाय, पोरं तीन कोस पायी जातेत, लहानी तर जातच न्हाईत. नवा अख्खा दांडा घेऊन ये आन त्याच्या समोर, त्या पोरांच्या आईबापांसमोर जुना काढ. लपवून काढू नको. सांधा त्यांना दाखव, कसा मारला ते सांग. ते काय बोलतील, काय करतील, ते मला सांगता येत न्हाई. मी तिथं असेन, पण मधी पडणार न्हाई.

मंग कोर्टात जाऊ. तिथं जे लिवलंस तेच बोल, एक शब्द कमी नको, जास्त नको. मपली बाजू धरायला आनखी खोटं जोडू नको. साहेबांनी विचारलं का सटवाला सैल असल्याचं ठावं व्हतं का, तर हो म्हण.

भागवत पंधरापर्यंत थांबणार हाय. त्याला तुझ्याशी बोलायचं न्हाई, तुला बघायचं हाय. म्हणला, दिवाळीला मी त्याला विचारलं आज फिरवायची का, तवा तो हसला व्हता, त्याचं तोंड मला पुन्हा एकदा बघू द्या.

मुक्काम आमच्याकडंच करावा लागेल, दुसरीकडं कुठं राहशील. अक्का तुझ्या ताटात भाकरी वाढेल का न्हाई, मला ठावं न्हाई. मी तिला वाढ म्हणणार न्हाई, आन वाढू नको असं बी म्हणणार न्हाई.

सटवा